अंथुर्ण्यातले परदेशी पोळे

बारामतीहून इंदापुरास जाणारा रस्ता प्रवाशाचे मन मोहून टाकील असा कधीच नव्हता. डोंगर नाही, दरी नाही, समुद्राची गाज नाही. ज्या बारामतीत मोरोपंतांनी १७९४ मध्ये देह ठेवला ती मागे टाकली, म्हणजे काटेवाडी, भवानीनगर, सणसर, बेलवडी, लासुर्णे अशी गावे एकामागून एक येतात व जातात. दोन्ही बाजूंस ऊस, मधून मधून द्राक्षांचे व डाळिंबांचे मळे, आणि पुढे उसाने लादलेली गाडी असली तर तिच्या मागून मुकाट्याने चालणारी आमची एस्. टी. पुढे वालचंदनगराचा फाटा ज्या ठिकाणी फुटतो त्या गावाचे नावच ‘जंक्शन’ असे आहे. ते मागे पडले की जवळजवळ निम्म्या वाटेवर अंथुर्णे लागते. कोणी आंथुर्णे असेही लिहितात. नाव ऐकून अंथरुणाची आठवण होते. ही व्युत्पत्ती म्हणून आम्ही पुढे करीत नाही, परंतु ज्येष्ठ-आषाढात श्रीतुकोबारायांची पालखी बेलवडीचे गोल रिंगण आटोपून येथे मुक्कामाला उतरते, तेव्हा ओटा, पडवी, शाळा, देऊळ, जिथे जागा तिथे वारकऱ्यांची अंथरुणे पसरलेली असतात, आणि गावाचे नाव त्या रात्रीपुरते तरी सार्थ होते.

ह्या तालुक्याला इतिहास नाही असे कोणी म्हणू नये. इंग्रजांनी मुंबई इलाख्यात जमिनीची जी नवी मोजणी व सारापद्धत बसविली, तिचा श्रीगणेशा गोल्डस्मिड व विंगेट ह्या साहेबांनी १८३६ च्या सुमारास इंदापूर तालुक्यातच केला. पाऊस तेव्हाही कमी होता, आताही कमीच आहे. पुढे १८७६ च्या महादुष्काळात अन्नासाठी रस्त्यावर आलेल्या लोकांच्या हातून नीरेचा डावा कालवा खणण्यास आरंभ झाला. त्याचे पाणी ज्या शिवारांना मिळाले तेथे शाळू मागे सरला व ऊस पुढे आला. १९३४ मध्ये वालचंदनगरास साखर कारखाना निघाला. पाणी बेताबाहेर दिल्याने कित्येक चांगल्या जमिनी चोपण झाल्या, तो भाग निराळा. कालवा ज्यांना लाभला नाही त्यांचे शेत मात्र अजूनही शाळू, करडई व जवस ह्यांवरच आहे. ही तीन नावे वाचकभगिनींनी ध्यानात ठेवावी. पुढे त्यांचे काम आहे.

आमची थोरली बहीण, आम्ही तिला आक्का म्हणतो, ह्याच गावी दिलेली. घर कुळकर्ण्यांचे. वतने १९५० च्या कायद्याने संपली, त्याआधीच कूळकायदा आला होता, आणि आजूबाजूची बरीच घरे पुण्यास निघून गेली. हे घर राहिले. भाचा शेती करतो, परंतु घर चालते ते गाईंवर. उसाचे पैसे वर्षाने, तेही कारखान्याच्या सवडीने. दुधाचा पगार (डेअरीच्या पैशाला इकडे ‘पगार’च म्हणतात) दर दहा दिवसांनी हाती पडतो. गाई संकरित. उरुळीकांचन येथे मणिभाई देसाई यांनी १९६७ मध्ये स्थापिलेल्या ‘बाएफ’ संस्थेने संकरित गाईंचा जो प्रसार केला, त्याने ह्या अवर्षणाच्या पट्ट्यात दूध हेच दुसरे पीक झाले. पहाटे चार वाजता गोठ्यात दिवा लागतो, सहाला कॅन संकलन केंद्रावर जातो, सायंकाळी पुन्हा तेच.

अशा घरी गेल्या पौषात आक्काची नात आली. मुलीची मुलगी. बेल्जममध्ये ल्यूव्हेन येथे तिचे शिक्षण चालू आहे. आक्काने आठ दिवस आधीपासून साय साठवून तूप कढविले होते. मुलीने पाया पडून झाल्यावर हळूच सांगितले, “आजी, मी दूध, दही, लोणी, तूप काही घेत नाही. दोन वर्षे झाली.” आक्काच्या हातातली तुपाची वाटी तशीच राहिली. ती काही बोलली नाही, आणि आमच्या आक्काचे न बोलणे हे बोलण्याहून जड असते, हे आम्ही लहानपणापासून जाणतो.

ह्या नव्या व्रतास ‘वीगन’ असे नाव आहे. डोनाल्ड वॉटसन नामक इंग्रज गृहस्थाने १९४४ मध्ये हा शब्द बनविला. मांस व मासे तर नाहीतच, परंतु दूध, अंडी, मध हेही वर्ज्य. प्राण्यावर माणसाने हक्क सांगू नये हा त्यातला विचार. रात्री ओटीवर आक्काने आम्हांला विचारले, “अरे, तू एवढे संस्कृत शिकलास, दूध टाकणे कुठल्या शास्त्रात आहे ते सांग बघू. आमच्या सासूबाई प्रवासाला दशमी करून द्यायच्या ती पाण्यात नव्हे, दुधात पीठ भिजवून. दुधाने ती सोवळ्याला चालायची. आणि ही पोर म्हणते दुधाने ओवळे होते!”

आक्काच्या बोलण्यात खोच होती, पण तर्कही होता. आम्ही तिला चातुर्मासातल्या चार व्रतांचे स्मरण दिले. श्रावणात शाक वर्ज्य, भाद्रपदात दही, आश्विनात दूध व कार्तिकात द्विदल. म्हणजे दूध सोडणे हे आपल्यालाही अगदी अनोळखी नाही, महिन्यापुरते का होईना. आक्का म्हणाली, “ते आपल्या पुण्यासाठी. हिचे गाईसाठी आहे.” भेद तिने बरोबर धरला होता. आम्हांला त्यावर उत्तर सुचले नाही, व ते द्यावे असेही वाटले नाही.

दुसऱ्या दिवशी मुलीने पेटीतून एक जड लोखंडी वस्तू काढली. दोन चौकोनी तवे, बिजागरीने जोडलेले, लांब दांड्यांचे, आणि आतून चौकटी-चौकटींची नक्षी. ब्रसेल्सच्या जुन्या बाजारात तिने ती विकत घेतली होती. विजेचे यंत्र न आणता चुलीवरचे आणले, ह्यात तिच्या शहाणपणाची आम्हांला खूण पटली, कारण खेड्यातली वीज कोणाच्या वेळेवर येत नसते. ह्या साच्यात होणाऱ्या पदार्थास ‘वॉफल’ म्हणतात. फ्लेमिश लोकांचा हा आवडता खाद्यपदार्थ शेकडो वर्षांचा जुना आहे. ब्रूगेल ह्या चित्रकाराने १५५९ मध्ये काढलेल्या एका प्रसिद्ध चित्रात विस्तवाशी बसून वॉफल भाजणारी बाई दाखविली आहे. चित्राचा विषय मोठा सूचक आहे: एका बाजूस सणाची खादाडी, दुसऱ्या बाजूस ईस्टरपूर्वीचा चाळीस दिवसांचा उपवास. त्या उपवासात त्या काळी ख्रिस्ती लोक दूध, लोणी व अंडी टाकीत, आणि टाकण्यापूर्वी उरलेसुरले संपविण्यास जे पदार्थ करीत त्यांत हाही एक. पुढे अमेरिकेत १८६९ मध्ये स्वार्टवाउट नामक गृहस्थाने चुलीवरच्या सुधारलेल्या साच्याचे पेटंट घेतले.

वॉफल शब्दाचे मूळ मधाच्या पोळ्याशी पोहोचते, असे तिकडचे कोशकार सांगतात. आम्हांला गंमत वाटली ती ही की, आपल्या भाषेत मधमाश्यांचेही पोळे आणि कोकणात तव्यावर घालतात तेही पोळे. ‘वाफ’ शब्दाशी मात्र त्याचे नाते नाही. वाफ ही संस्कृतातील बाष्पाची लेक. शिवाय दोन तापलेल्या पृष्ठांमध्ये पीठ भाजण्याची युक्ती आपल्याकडे नवी नव्हे. यज्ञातील पुरोडाश मातीची कपाले जुळवून त्यांवर भाजीत व वरून निखारे ठेवीत. केळीच्या पानांच्या दोन तुकड्यांत भाजलेल्या पानगीवर शिरांची नक्षी उमटते, ती तर आमच्या वाचकभगिनींनी पाहिलेलीच आहे.

पहिला प्रयत्न मुलीने एकटीने केला. शाळवाचे पीठ, पाणी, मीठ, तिखट. साचा उघडला तो अर्धे पोळे वरच्या तव्याला, अर्धे खालच्या. गव्हातील चिकटपणा शाळवात नाही, आणि तिकडे तो उणेपणा अंडे व दूध भरून काढतात. आक्का आतापर्यंत दाराशी उभी राहून पाहत होती. “बाजूला हो,” म्हणाली, आणि डब्यातली थालीपिठाची भाजणी काढून चुलीपुढे बसली. त्या घटकेपासून त्या दोघींचे बोलणे सुरू झाले, आणि आम्ही निश्चिंत मनाने ओटीवर पान लावावयास गेलो.

कृती येणेप्रमाणे ठरली. एक वाटी उडदाची डाळ व एक वाटी तांदूळ सहा तास भिजवून वाटावे व रात्रभर आंबवावे. पौषातल्या थंडीत घोळ फुगेना, म्हणून पातेले चुलीच्या उबेला गोधडीत गुंडाळून ठेवावे लागले. सकाळी त्यात दीड वाटी भाजणी, दोन चमचे जवसाची पूड थोड्या कोमट पाण्यात कालवून, बारीक चिरलेली मेथी, आले, हिरवी मिरची, तीळ, हळद, मीठ, आणि तीन चमचे करडईचे तेल घालावे. तेल घोळात हवेच. नुसते साच्याला फासून भागत नाही. घोळ धिरड्याच्या पिठाहून जाड, भज्याच्या पिठाहून पातळ असावा. आंबलेला उडीद अंगची हवा धरून ठेवतो व पोळे हलके करतो. भिजलेला जवस बुळबुळीत होऊन पीठ बांधतो. अंड्याची दोन्ही कामे अशी आपल्या शिवारातल्या दोन दाण्यांनी वाटून घेतली.

साचा इतका तापवावा की पाण्याचा थेंब पडताच नाचू लागावा. तेलाचा बोळा दोन्ही बाजूंस फिरवून एक पळी घोळ मधोमध घालावा, साचा मिटावा, व मिनिटा-मिनिटाने उलटावा. आता महत्त्वाची गोष्ट. फटीतून वाफ निघत आहे तोवर साचा उघडू नये. वाफ थांबली की पोळे आपसूक सुटते. पाच-सहा मिनिटे लागतात. घाई करणाऱ्या सुनेच्या हाती हे काम देऊ नये, असे आक्काचे मत पडले, आणि ते तिने सून ऐकेल इतक्या मोठ्याने सांगितले.

पोळे बाहेरून खमंग, कुरकुरीत, आतून मऊ. थालीपिठाला आपण बोटाने भोके पाडतो ती तेल आत जावे म्हणून; येथे तर भोकांचीच ओळ मांडलेली. आपल्या थालीपिठावर लोण्याचा गोळा असतो. त्याच्या जागी आक्काने जवसाची चटणी करडईच्या तेलात कालवून त्या खणांत भरली. आमच्या मते लोण्याची सर तिला नाही. हे आम्ही मुलीसमोरच बोललो, व तिने हसून मान्य केले. परंतु दुसरे पोळे आम्ही मागून घेतले, हेही खरे.

गोठ्यात काम करणाऱ्या बाई दुपारी आल्या, त्यांनाही दोन दिली. हे बिनदुधाचे, बिनतुपाचे आहे, पाहुणीबाई दूध खात नाहीत, असे सूनबाईने कौतुकाने सांगितले. बाई पोळे मोडता मोडता म्हणाल्या, “आमच्या घरी तूप कवा व्हतं बाई? एक गाय हाय, पर दूध समदं डेअरीला जातंय. च्या बी कोराच पितो आमी.” त्यांच्या बोलण्यात तक्रार नव्हती. मुलीचा चेहरा मात्र उतरला. तिने विचार करून जे सोडले होते, ते ह्या बाईंच्या पानात कधी आलेच नव्हते, व त्याला कोणी व्रत म्हटले नव्हते. पालखीच्या दिवशी गाव वारकऱ्यांना भाकरी, पिठले, ठेचा वाढते. तेही तसेच बिनदुधाचे असते, आणि त्याचे नाव फक्त भाकरी असे असते.

त्याच आठवड्यात गोठ्यात एक गाय व्याली होती. खोंड झाला होता. सायंकाळी मुलीने विचारले, “मामा, ह्याचे पुढे काय होणार?” भाचा दाव्याशी चाळा करीत उभा राहिला. पूर्वी खोंडाचा बैल होई. आता औताला ट्रॅक्टर आहे. कालवड घर चालविते, खोंड नुसता खातो. “बघू,” एवढेच तो म्हणाला. मग थोड्या वेळाने, “तुझ्या आईचे पुण्यातले शिक्षण ह्याच गोठ्यावर झाले, ते ध्यानात ठेव.” मुलगी म्हणाली, “ठेवलंय, मामा. म्हणून तर तुम्हांला विचारते, दुसऱ्या कोणाला नाही.” दोघेही खरे बोलत होती. शास्त्रार्थाची सवय असूनही आम्ही मध्ये पडलो नाही. पूर्वी खेड्यात चार आचळांपैकी एक वासराचा म्हणून सोडीत, एवढे आक्का गोठ्याच्या दारातून म्हणाली आणि आत गेली. भाच्याने ते ऐकले. दुसऱ्या दिवशी पहाटे कॅन निघाला, तो किती भरला होता हे आम्ही पाहावयास गेलो नाही.

आम्ही निघालो त्या दिवशी आक्काने शिदोरीला दशमी न करता सहा पोळी फडक्यात बांधून दिली. तुपाची बरणी मुलीला न देता आम्हांला दिली, आणि ती देताना मुलीकडे पाहून हसली. शेळगाव गेले, पानमळ्यांचे निमगाव केतकी गेले, व इंदापूरच्या स्थानकावर आम्ही पुडके सोडले. पोळी किंचित मऊ पडली होती, कारण गरम असतानाच बांधली होती. निवू देऊन बांधली असती तर कुरकुरीत राहती. चव मात्र गेली नव्हती. चटणी कमी पडली.