न झालेल्या नुकसानाची किंमत

माझे वडील नागपूरहून भिलाईच्या पोलाद कारखान्यात नोकरीला आले. थोडक्यात टळलेला अपघातही नोंदवावा, असे ते नेहमी सांगत. ९ ऑक्टोबर २०१८ रोजी येथील कोक ओव्हनच्या वायुवाहिनीत स्फोट होऊन अनेक कामगारांचा मृत्यू झाला, तेव्हा ती वार्ता लपणे शक्यच नव्हते. सायबर अपघात मात्र लपवता येतो. मी तो लपवला आहे.

काही वर्षांपूर्वी मी येथील एका लहान कारखान्यात हिशेब पाहत असे. पुरवठादाराच्या नावाने ई-मेल आला, ‘आमचे बँक खाते बदलले आहे.’ एक फोन करून खात्री करायची, तीही मी केली नाही. पैसे भामट्याच्या खात्यात गेले. तक्रार करू म्हटले, तर मालक म्हणाले, “मोठ्या गिऱ्हाइकाला कळले तर पुढची ऑर्डर जाईल.” त्यांचे गणित चूक नव्हते, हेच खरे दुखणे आहे. लेथ घेतली की माल निघतो. सुरक्षेवर खर्च केला की काहीच घडत नाही, आणि काहीच न घडण्याची नोंद ताळेबंदात होत नाही.

मोठ्यांचेही चित्र फार निराळे नाही. ऑगस्ट २०१८ मध्ये पुण्याच्या कॉसमॉस बँकेतून सुमारे ९४ कोटी रुपये लुटले गेले. जर्मनीतील एका पोलाद कारखान्यात हल्लेखोर फसव्या ई-मेलमधूनच शिरले आणि झोतभट्टी नीट बंद करता येईना. २०१४ च्या तेथील सरकारी अहवालात हे नमूद आहे. भट्टीच्या गावात राहणाऱ्याला त्याचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही.

आता कायद्याचा धाक आहे. सर्ट-इनच्या २०२२ च्या निर्देशांनुसार अशी घटना सहा तासांत कळवावी लागते. २०२३ च्या वैयक्तिक विदा संरक्षण कायद्यात, सुरक्षेची वाजवी काळजी न घेतल्यास २५० कोटी रुपयांपर्यंत दंड आहे. परंतु दहा माणसांच्या कारखान्याला तज्ज्ञ परवडत नाही, आणि ऑर्डर जाण्याची भीती दंडाहून जवळची असते. मोठ्या खरेदीदारांनी सुरक्षेची अट घालावी, तिच्या खर्चातला वाटा उचलावा आणि प्रामाणिकपणे कळवणाऱ्याची ऑर्डर काढून घेऊ नये. एवढे झाले तर गणित बदलेल.

वडिलांच्या शिकवणीप्रमाणे ती नोंद मी तेव्हा करायला हवी होती. आज उशिरा का होईना, येथे करतो आहे.