आरडीवाल्या काकू

सत्तर-ऐंशीच्या दशकांत घाटकोपरच्या पंतनगरात, मुलुंडच्या चाळींत, अंधेरी-बोरिवलीच्या नव्या सोसायट्यांत आम्ही वाढलो. पगाराची तारीख उलटली की दुपारची जेवणं आटोपल्यावर आरडीवाल्या काकू यायच्या. हातातल्या पिशवीत रबरबँड लावलेली कार्डांची चळत असायची. आई डाळीच्या डब्यामागून नोटा काढायची, काकू त्या दोनदा मोजायच्या, कार्डावर महिना आणि रक्कम लिहून सही करायच्या आणि मग चहा घ्यायच्या.

१९६९ साली चौदा मोठ्या बँकांचं राष्ट्रीयीकरण झालं होतं. उपनगरांत शाखाही उघडत होत्या. पण आमच्या आया तिथे फारशा गेल्या नाहीत. फॉर्म इंग्रजीत, खातं उघडायला जुन्या खातेदाराची ओळख हवी, आणि बँकेची वेळ नेमकी पाणी भरायची, मुलं शाळेतून यायची. ती अडचण सरकारने ओळखली. १९७२ साली महिला प्रधान क्षेत्रीय बचत योजना सुरू झाली आणि पोस्टाच्या पाच वर्षांच्या आवर्ती ठेवीसाठी, म्हणजे आरडीसाठी, एजंट म्हणून बायकांनाच नेमलं गेलं. शेजारच्या इमारतीतल्या काकू सरकारमान्य अल्पबचत प्रतिनिधी झाल्या.

महिना पन्नास रुपये, साठ हप्ते, म्हणजे तीन हजार मुद्दल आणि वर व्याज. एखाद्या महिन्यात पाहुणे आले, आजारपण निघालं, की आई म्हणायची, "या खेपेला राहू दे." काकू म्हणायच्या, "वहिनी, हप्ता चुकला तर दंड पडतो. वीस तारखेला परत येते." आणि यायच्या. बचतीची इच्छा सगळ्यांच्याच घरात होती. तिला शिस्त लावली ती या दुसऱ्या फेरीने.

या कामाचे काकूंना चार टक्के मिळत, पन्नासावर दोन रुपये. शंभर घरं धरली की त्यांच्याही संसाराला हातभार लागायचा. दहावी-बारावीनंतर लग्न झालेल्या कितीतरी बायकांची ही पहिली स्वतःची कमाई होती. पोस्टातल्या रांगेत उभं राहून, याद्या भरून त्यांनी ती मिळवली.

विश्वास होता, पण डोळे मिटून नव्हे. कार्डावर काकूंची सही आणि पासबुकात पोस्टाचा शिक्का, दोन्ही जुळलेच पाहिजेत, हे आईला काकूंनीच शिकवलं होतं. पैसे घेऊन न भरणारे एजंटही कुठे कुठे निघाले. त्यांच्यापासून वाचवलं ते याच सवयीने.

बाजारातल्या भाजीवाल्यांचा, वाण्यांचा हिशेब रोजचा, म्हणून त्यांच्याकडे रोज थोडी रक्कम गोळा करणारे पिग्मीवाले यायचे. १९२८ साली उडुपीत सिंडिकेट बँकेने दोन आण्यांपासून सुरू केलेली ही रीत मुंबईच्या सहकारी बँकांनी आणि पतपेढ्यांनीही उचलली. रोजंदारीवाल्याकडून महिन्याचा हप्ता मागण्यात अर्थ नाही, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

त्या पाच वर्षांच्या ठेवींतून आमच्या कॉलेजच्या फिया भरल्या, घरात पहिला फ्रीज आला, बहिणीच्या लग्नात दोन बांगड्या झाल्या. त्याहून मोठी गोष्ट अशी की पासबुकावर आईचं नाव होतं. भाड्याची पावती, रेशनकार्ड, विजेचं बिल, सगळं वडिलांच्या नावावर असलेल्या घरात तेवढा एक कागद तिचा होता, आणि ठेव पिकली की पैसे कशावर खर्चायचे हे ठरवताना तिचा शब्द चालायचा.

रिझर्व्ह बँकेने २००६ साली बँकांना गावोगावी, वस्त्यावस्त्यांत बँकमित्र नेमायची परवानगी दिली. २०१८ पासून पोस्टाच्या पेमेंट्स बँकेचा पोस्टमन यंत्रावर अंगठा घेऊन घरबसल्या पैसे देतो. चांगलंच आहे. पण नुसतं यंत्र दारात आल्याने बँक घरात येत नाही. न बोलणाऱ्या बाईला खात्याची माहिती तिच्या भाषेत सांगणारं, हप्ता चुकला तर पुन्हा येणारं आणि पासबुक तपासायला लावणारं माणूस लागतं. उपनगरांतल्या काकूंनी अर्धं शतक हे काम केलं, आजही काहीजणी करतात. आर्थिक समावेशनाच्या इतिहासात त्यांचं स्थान बँकांच्या शाखांइतकंच पक्कं आहे, आणि ते मानाने लिहिलं गेलं पाहिजे.