आजोबांच्या चाकूचा कोन

आजोबांच्या पश्चात त्यांचा घडीचा चाकू आमच्याकडे आला. शिसवी मूठ, बोटाएवढे पाते, साधे कार्बन पोलाद. ते या चाकूने बोरू तासत. (इंग्रजीतला 'पेननाइफ' हा शब्दही पिसाची लेखणी तासण्यावरूनच आला, हे आमच्या वाचकांना सांगायला नकोच.) धार गेलेली दिसली म्हणून आम्ही तो, फारसा विचार न करता, दारावर आलेल्या धारवाल्याला दिला. फिरत्या चाकावर टोक टेकताच ठिणग्या उडाल्या. आम्ही थांबवले, पण तोवर टोकाचा पाऊण सेंटिमीटर भाग निळा पडला होता. पोलाद ३०० अंश सेल्सिअसच्या आसपास तापले की असा रंग येतो आणि त्याचा कठीणपणा कमी होतो. 'पाणी उतरणे' हा वाक्प्रचार आम्ही वर्गात अनेकदा समजावला होता. पाहिला तो त्या दिवशी. धारवाल्याचा दोष नाही. तो विळ्या-कात्र्यांसाठी बसला होता, चाकू आम्ही पुढे केला.

यापुढे धार आपणच लावायची असे ठरवले. खाचेतून पाते ओढायची साधने बाजारात मिळतात. सोपी असतात, पण त्यांचा कोन कारखान्यात ठरलेला, आणि दर ओढीला ती पोलाद ओरबाडतात. झिजून अरुंद झालेल्या पात्याला ते परवडणारे नव्हते. म्हणून १००० क्रमांकाचा, पाण्यावर वापरायचा दगड आणला. राहिला कोन. दर बाजूस १५ अंश घेतले तर धार पातळ, बोरूत सहज शिरणारी, पण लवकर दुमडणारी. २० घेतले तर दणकट, पण कापताना जोर मागणारी. शाळेतली त्रिकोणमिती इथे कामाला आली. पाते १६ मिलिमीटर रुंद; तेव्हा १५ अंशांसाठी पात्याची पाठ दगडापासून सुमारे ४ मिलिमीटर उचलायची, २० साठी साडेपाच. आम्ही १५ अंशांची पुठ्ठ्याची पाचर कापली.

मूळ कोन कळावा म्हणून धारेलगत मार्करची शाई फासली आणि पाते दगडावर हलके फिरवले. एका बाजूची शाई १५ अंशांना पार धारेपर्यंत पुसली गेली. दुसऱ्या बाजूला मात्र धारेलगतची रेघ तशीच राहिली. पाठ उचलत गेलो तेव्हा कुठे २० च्या जरा पुढे ती निघाली. एक बाजू सुलट्या हाताने घासली जाते, दुसरी पालथ्या. पालथ्या हाताला आजोबांचे मनगट वर उचलले जात असणार. आमचेही जाते.

दोन्ही बाजू १५ करायच्या तर पोलादाबरोबर ती खूणही घासून काढावी लागणार होती. लेखनिकाची लकब म्हणजे चूक नव्हे, असे आम्ही हस्तलिखितांच्या संपादनाविषयी बोलताना ठासून सांगतो. इथे मात्र दोन रविवार पाचर टेबलावर नुसती पडून होती.

अखेर दुसरी, उंच पाचर कापली. एका बाजूने घासत राहिले की दुसऱ्या बाजूला कड उलटल्याचे नखाला जाणवते. मग बाजू बदलायची. शेवटी जुन्या कमरपट्ट्याच्या चामड्यावर, धार मागे ठेवून, पाते ओढायचे. बोरू छान तासला गेला. निळ्या टोकाची धार मात्र चौथ्याच बोरूला गेली. ते घासून टाकता येईल, पण पाते तेवढे आखूड होईल. बोरूला चीर टोकानेच द्यावी लागते. ती तूर्त आम्ही दाढीच्या ब्लेडने देतो.