ओम्नी कापायची की नाही?

सध्या डोक्यात एक किडा वळवळतोय, मंडळी. मालवणच्या घरी मांगराशेजारी बाबांची मारुती ओम्नी उभी आहे. गुडघ्यांमुळे ते आता चालवत नाहीत, पण विकूही देत नाहीत. आणि मला तिच्यातून स्पोर्ट्स कार करायचीय. हसू नका!

ओम्नीच का? १९५७ ची लोटस सेव्हन आठवा. इंजिन लांबीच्या दिशेने बसवलेलं, फिरणारी चाकं मागची, आणि नसलं तरी चालेल ते सगळं काढून टाकलेलं. १९९६ साली रॉन चॅम्पियन या ब्रिटिश शिक्षकाने अशी गाडी घरी कशी बांधावी यावर पुस्तकच लिहिलं. जुन्या फोर्ड एस्कॉर्टचे भाग आणि २५ मिमीच्या चौकोनी नळ्यांची वेल्ड केलेली चासी. आपल्याकडे मारुती ८०० चं इंजिन ७९६ सीसीचंच, पण आडवं बसवलेलं आणि पुढची चाकं ओढणारं. ओम्नीत ते उभं, ताकद मागे. म्हणजे आपली एस्कॉर्ट ओम्नीच!

एक्सेल शीट तयार आहे (सवय, दुसरं काय). साधारण ३५ हॉर्सपॉवर, ७८५ किलो: टनाला ४५. माझी गाडी ४८० किलोत बसली तर टनाला ७३. फेरारीवाल्यांनी घाबरू नये.

बॉडीची चिंता मालवणात कशाला? फायबरच्या होड्या बांधणारे हात इथेच आहेत. एका काकांना स्केच दाखवलं तर म्हणाले, "मगे वल्ली पण ठेव हां जोडीक!" खरी भीती खाऱ्या वाऱ्याची. नळी आतून गंजते आणि बाहेरून कळतही नाही. शिवाय सेव्हनचं पोट जमिनीला लागलेलं आणि आपले स्पीडब्रेकर... असो.

पण गाडी अडते ती कायद्याशी. ब्रिटनमध्ये घरी बांधलेली एकटी गाडीही तपासून घेऊन रस्त्यावर आणता येते. आपल्याकडे नव्या मॉडेलचा नमुना एआरएआयसारख्या संस्थेतून पास व्हावा लागतो, आणि ते काम कारखानदारांचं. जुनीच गाडी बदलू म्हटलं तर १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आडवं येतं. २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही ते ठणकावून सांगितलं. सांगली जिल्ह्यातल्या देवराष्ट्रेच्या दत्तात्रय लोहारांनी भंगारातून किक मारून सुरू होणारी जीप बनवली, ती २०२१ मध्ये देशभर गाजली. आनंद महिंद्रांनी कौतुक केलं, पण ती नियमात बसत नाही हेही सांगितलं आणि बदल्यात बोलेरो देऊ केली. जानेवारी २०२२ मध्ये लोहारांना ती मिळाली.

म्हणजे ओम्नी कापली की तिचा एमएच-०७ नंबर संपला. बाबांना हे सगळं समजावलं. त्यांनी एवढंच विचारलं, "आणि आवशीक डॉक्टराकडे कशातून नेतलंस?"

तेव्हा बाबांची ओम्नी तशीच राहणार. गणपतीत गेलो की कुडाळच्या भंगारवाल्यांकडे दुसरी मेलेली ओम्नी शोधतो. रस्त्यावर नाही तर नाही, आमच्या आंब्यांच्या बागेतली वाट चांगली दीडशे मीटर आहे. नळ्यांचा भाव तेवढा काढून ठेवलाय.