पाठ राहिली

आमच्या माण-खटाव भागात माणूस म्हातारा झाला असं सहसा कुणी म्हणत नाही. "थकला" म्हणतात. जणू दिवसभर कुळव हाणून बांधावर टेकलाय, घटकाभरानं उठेल. त्याच्या पुढची पायरी म्हणजे "आता घरीच असते". आणि त्याच्याही पुढची, "अंथरूण धरलं". आईच्या या तिन्ही पायऱ्या मी जवळनं बघितल्या. तिसरीवर तर माझे स्वतःचे हात लागले.

तिचं नक्की वय कुणालाच माहीत नव्हतं. गांधीबाबा गेले तेव्हा ती परकर नेसून शेरडं राखत होती, एवढीच नोंद. म्हणजे १९४० च्या आसपासचा जन्म धरायचा. १९७२ च्या दुष्काळात रस्त्याच्या कामावर तिनं खडी फोडली. कामावर मिळणारी सुकडी ती पदरात बांधून घरी आणायची आणि मिलोच्या लाल भाकरीबरोबर आम्हा दोघा भावांत वाटायची. स्वतः काय खायची ते आम्ही तेव्हा विचारलं नाही आणि तिनंही सांगितलं नाही.

सही तिला कधी आली नाही. सोसायटीचं कर्ज असो, रेशन असो, मतदान असो, सगळीकडं अंगठा. पंचाहत्तरी उलटल्यावर रेशन दुकानातलं मशीन तिचा अंगठा घेईना. उजवा झाला, डावा झाला, बोटं पदराला पुसून झाली. खुरप्याच्या मुठीनं आणि मातीनं रेषा आधीच घासलेल्या, त्यात वयानं कातडी कोरडी आणि पातळ झालेली. मशीनला दिसायला काही उरलंच नव्हतं. आई अंगठ्याकडं बघत म्हणाली, "जन्मभर अंगठाच दिला की रं, आता कुठं गेला त्यो?" दुकानदार हसला, मीही हसलो. तीही हसली, पण घरी येईपर्यंत बोट चाचपत होती.

कानांचंही तसंच झालं. माझं बोलणं तिला कळायचं, पण नातीनं हाक मारली की ढिम्म. पोरगी रुसायची, "आज्जी सोयीचं तेवढंच ऐकते." तसं नव्हतं. म्हातारपणी बारीक, किनरा आवाज आधी ऐकू येईनासा होतो, जाडाभरडा मागं राहतो. हे कळल्यावर पोरगी समोर बसून, तोंड दिसेल असं, घोगऱ्या आवाजात बोलायला लागली. दोघी खिदळायच्या. घराघरांत अशा कितीतरी म्हाताऱ्या माणसांवर "मुद्दाम करतात" असा शिक्का बसलेला असतो.

२०१८ साली भोगीच्या दिवशी आई न्हाणीत घसरली. खुब्याचं हाड मोडलं. गावात लगेच मत पडलं, "या वयात कसलं आपरेशन करता? असू द्या पडून." साताऱ्याचे डॉक्टर म्हणाले, हाड मोडल्यानं माणूस सहसा जात नाही, पडून राहिल्यानं जातं. छातीत कफ साठतो, पायात रक्ताच्या गाठी होतात, पाठीला जखमा पडतात. तिसऱ्या दिवशी ऑपरेशन झालं. हाड जमलं, पण डोक्याचं तिथनं बिघडलं. दवाखान्यात रात्रीची ती भिंतीवरच्या मुंग्या हाकलायची. सलाईनची नळी म्हणजे दावं समजून सोडायला बघायची. डॉक्टरांनी सांगितलं, वयस्कर माणसाला ऑपरेशननंतर असा भ्रम होतो, बराचसा ओसरतो. ओसरला. पण जो स्मृतिभ्रंश आधीपासून आत बसला होता आणि आम्ही "वयच झालं" म्हणून सोडून देत होतो, तो आता उघडा पडला.

"साठी बुद्धी नाठी" ही म्हण मला कधीच आवडली नाही. बुद्धी अशी एका दिवशी दावं तोडून पळत नाही. ती शेवटच्या माणसापासून सुरुवात करून मागं मागं जाते. आज-काल घडलेलं साठवणारी मेंदूतली जागा आधी झिजते. त्यामुळं सकाळी जेवलेलं जातं आणि लहानपणचं टिकतं. आईच्या डोक्यातनं आधी नातवंडांची नावं गेली. मग सून गेली. मग आमचं स्लॅबचं घर गेलं. त्या घरातच बसून ती तिन्हीसांजेला म्हणायची, "चला, घरी जाऊ. गुरं यायचा वकूत झाला." पहिल्यांदा आम्ही समजावायचो, हेच घर, गुरं कधीच विकली. ती रडायची, नाहीतर दाराकडं सरकायची. ही, म्हणजे आमची मंडळी, माझ्यापेक्षा हुशार. तिनं वाद सोडला. "आत्या, गुरं येस्तवर एवढ्या शेंगा फोडा," म्हणून ती सूप पुढं ठेवायची. शेंगा संपल्या की घेवडा. घेवडा निवडलेला असला तर त्यात मूठभर खडे मिसळून परत निवडायला. आईच्या डोक्याला वार कळत नव्हता, पण बोटं एक खडा सोडत नव्हती. सूप रिकामं होईपर्यंत अंधार पडायचा आणि गुरं विसरलेली असायची.

पाण्याचं सांगायचं तर, म्हाताऱ्या माणसाला तहानच नीट लागत नाही. त्यात बायका मुद्दाम कमी पितात, सारखं कुणाला उठवायचं म्हणून. उन्हाळ्यात एके दिवशी आई अचानक कुणालाच ओळखेना, शिव्या द्यायला लागली. तिच्या तोंडात मी जन्मात कधी शिवी ऐकली नव्हती. अंग गरम नाही, काही नाही. भावकीतल्या एकानं "बाहेरचं हाय, देवऋषी बघा" म्हणून सांगितलं. उपकेंद्रातल्या सिस्टर म्हणाल्या, आधी लघवी तपासा. लघवीत जंतू निघाले. म्हाताऱ्या माणसाला असा संसर्ग झाला की ताप येईलच असं नाही, नुसतं डोकं फिरल्यासारखं होतं. गोळ्या सुरू झाल्या आणि पाचव्या दिवशी आई निवळली. तेव्हापासून तहानेची वाट न बघता दर तासाला चार घोट, असा नेम पडला. नुसत्या पाण्याचा तिला ठसका लागायचा, म्हणून जरा घट्ट आंबील. तीही पाठीमागं वाकळीचा लोड लावून, ताठ बसवून, हनुवटी खाली धरून. भाकरी दुधात कुस्करून.

दिवाळीपर्यंत आईनं अंथरूण धरलं. सिस्टरनी हिला माकडहाड, खुबा, टाचा दाखवल्या. इथं आधी लाल होतं. बोटानं दाबायचं. दाबल्यावर पांढरं होऊन परत लाल झालं तर रक्त चालू आहे. लालच राहिलं तर जखम आतनं सुरू झाली समजायचं. तिथं चोळायचं नाही, तेल रगडायचं नाही. शेजारच्या तात्यांनी प्रेमानं ट्रॅक्टरच्या ट्यूबची हवा भरलेली रिंग आणून दिली होती. सिस्टर म्हणाल्या, नको, कडेनं दाब पडून मधलं रक्त तुटतं. भावानं पुण्याहून हवेची गादी पाठवली. डायपरचे खोकेही तोच पाठवायचा. पैशाला तो कधी मागं सरला नाही, खोटं कशाला बोलू. पण गादी असली तरी दर दोन तासांनी कूस बदलावीच लागते. दिवसा आणि रात्रीही. तेही ओढून नाही. ओढलं की कागदासारखी झालेली कातडी सोलते. आडव्या चादरीची टोकं दोघांनी धरायची, उचलायचं आणि अलगद ठेवायचं. पाठीमागं वाकळीची घडी, दोन गुडघ्यांच्या मध्ये उशी.

चौदा महिने हिनं हे केलं. मी चादरीचं एक टोक धरायचो आणि शाळेवर जायचो. बाकीचं सगळं, ज्याला आमच्याकडं "वरचं-खालचं" म्हणतात, ते तिच्याकडं.

२०१९ च्या मार्चमध्ये आटपाडीला हिच्या आईला अर्धांगवायू झाला. हिनं जाणं भाग होतं. तिलाही आईच होती. मी रजा काढली. आईला खाऊ घालणं, कूस बदलणं जमण्यासारखं होतं. गाडं अडलं अंघोळीशी. पहिल्या दिवशी मी गरम पाणी, फडकं घेऊन बसलो तर आईनं लुगडं दोन्ही मुठींत गच्च धरलं. एरवी चमचा न धरवणाऱ्या मुठी सुटेनात. म्हणाली, "लेकानं बघायचं नसतं." त्या दिवशी तिनं मला नेमकं ओळखलं होतं. मी गल्लीतल्या काकींना बोलावलं. त्या दोन दिवस आल्या, तिसऱ्या दिवशी त्यांचीच कंबर धरली.

तिसऱ्या दिवशी मी परत पाणी घेऊन बसलो. वास यायला लागला होता, खालची कातडी लाल दिसत होती, आता थांबून चालणार नव्हतं. आई माझ्याकडं बराच वेळ बघत राहिली. मग तोंडभर हसली. "आबा, कवा आलासा?"

आबा म्हणजे तिचे वडील. ते जाऊन चाळीस वर्षं झालेली. मी म्हणालो, "आत्ताच आलो." मुठी सुटल्या. मी लुगडं सोडलं, मान पुसली, काखा पुसल्या, घड्या कोरड्या केल्या. पायाच्या बोटांच्या मधली जागा पुसताना तिला गुदगुल्या झाल्या. "आबा, पानी गार हाय," म्हणून तक्रारही झाली. सहा-सात वर्षांच्या पोरीच्या आवाजात. माझं नाव तिच्या डोक्यातनं गेलं याचं मला वाईट वाटत होतं, ते त्या दिवशी मी बाजूला ठेवलं. नाव शिल्लक असतं तर तिनं मला हात लावू दिला नसता.

त्यानंतर रोज सकाळी मी आबा. माहेरच्या विहिरीचं, मेलेल्या शेरडाचं, थोरल्या भावानं मारल्याचं ती मला सांगायची. आजोबांनी त्यावर काय म्हटलं असेल ते मी अंदाजानं म्हणायचो. या निमित्तानं आईचं लहानपण मला पन्नाशी ओलांडल्यावर कळलं.

आठवड्याभरात गावात बातमी झाली. गुरुजी आईचं सगळं हातानं करतात. पारावर माझा विषय निघायला लागला. कुणी श्रावणबाळ म्हणालं, कीर्तनात नाव घेतो असंही एकजण म्हणाला. मला लाजल्यासारखं झालं, आणि रागही आला. चौदा महिने सुनेनं हेच केलं तेव्हा पारावर अवाक्षर नव्हतं. सुनेनं केलं ते काम, लेकानं केलं तर पुण्य. आटपाडीहून फोनवर हिला हे सांगितलं तर ही नुसती हसली आणि म्हणाली, "टाचा बघताय का रोज?"

एका बुधवारी मी पाठ पुसायला आईला कुशीवर वळवलं होतं. ती भिंतीकडं तोंड करून पडलेली. मध्येच मान वळवून तिनं माझ्याकडं बघितलं. नजर वेगळी होती. तिनं माझं नाव घेतलं, घरातलं, लहानपणचं. माझा हात थांबला. आता ती लुगडं ओढणार, असं वाटलं.

"आज शाळा न्हाई व्हय?"

"रविवार हाय आये."

ती थोडा वेळ गप्प राहिली. भिंतीकडं बघत म्हणाली, "मग नीट पूस. खालची पाठ राहिली."

ओळखून, समजून तिनं मला एवढं एकदा करू दिलं. दुसऱ्या दिवशी मी परत आबा होतो.

महिनाभरानं ही परतली. मग सकाळचं माझ्याकडंच राहिलं. शाळा अकराची असो नाहीतर उन्हाळ्यातली सकाळची, त्याच्या आधी अंघोळ. आई त्या वर्षीच्या मार्गशीर्षात गेली, पहाटे, झोपेत. अंगावर एकही जखम नव्हती. शेवटचं न्हाऊ घालायला आलेल्या बायकांनी ते बघितलं आणि त्या हिच्याकडं वळून काहीतरी हळू आवाजात बोलल्या. काय ते हिनं मला सांगितलं नाही.

तेराव्यानंतर हवेची गादी धुऊन, वाळवून ठेवली होती. पुढच्या पावसाळ्यात रिंगवाल्या तात्यांनीच अंथरूण धरलं. त्यांचा थोरला गादी न्यायला आला आणि म्हणाला, "वैनींना जरा पाठवा, आमच्या मंडळीला चादर कशी धरायची ते दाखवतील."

ही चुलीपुढनंच म्हणाली, "भाऊजी, तुम्हीच थांबा की. हे दाखवतील तुम्हाला."

तो थांबला. मी कपाटातनं आडवी चादर काढली.