रविवारचे गॅरेज

आपल्या मोहल्ल्यात मुलगा अभ्यासात मागे पडू लागला की घरातली मोठी माणसे त्याला एकच धाक घालतात, "पढ ले, नहीं तो गॅरेज में पाना पकडना पडेगा." हा धाक इतका जुना झाला आहे की गॅरेज म्हणजे नापासांची जागा, असे पोरांनाही वाटते आणि खुद्द गॅरेजात काम करणाऱ्यालाही. अशा वातावरणात आम्ही चौघांनी आपणहून पाना हातात घेतला आहे, आणि तोही मजुरीसाठी नव्हे तर शौक म्हणून. आमच्यातले दोघे उर्दू शाळेत शिकवतात, एक केळीच्या व्यापाऱ्याकडे हिशेब पाहतो आणि चौथा, आमचा पाटील, विहिरीवरच्या मोटारी रिवाइंडिंग करतो. दर रविवारी आम्ही एका जुन्या उस्तादांच्या गॅरेजात जमतो आणि बंद पडलेल्या जुन्या मोटारसायकली पुन्हा चालत्या करतो. नातेवाईक हसतात. बी.एड. करून शेवटी ग्रीसमध्येच हात घातला म्हणतात.

चोपड्याला हा शौक लागावा, यात नवल नाही. आमच्या गावाला रेल्वे नाही. गाडी पकडायची तर तापी ओलांडून धरणगाव किंवा अमळनेर गाठावे लागते. उत्तरेला सातपुडा, दक्षिणेला तापी आणि मधून जाणारा बऱ्हाणपूर-अंकलेश्वर रस्ता. या रस्त्यावर गावाचे जगणे चालले ते मोटारींवर. केळीने भरलेले ट्रक इथून उत्तरेकडे निघतात. शेतात जायला, दूध घालायला, पाड्यांवर किराणा पोचवायला मोटारसायकल लागते. लासूर, अडावद, धानोरा या बाजूच्या खळ्यांत आणि गोठ्यांत आजही पोत्यांखाली एखादी जुनी गाडी उभी असते. कुणी विचारले तर मालक म्हणतो, "बाबांची आहे, विकायची नाही." दोन वर्षांनी भंगारवाला वजनावर घेऊन जातो.

आमच्याकडे सर्वांत जास्त सापडते ती राजदूत. पोलंडच्या एसएचएल कंपनीच्या मॉडेलवरून एस्कॉर्ट्सने ती १९६२ च्या सुमारास भारतात काढायला सुरुवात केली. इंजिन १७३ सीसीचे, टू-स्ट्रोक. शहरातल्या लोकांना तिची धाकटी बहीण आठवते, १९७३ च्या 'बॉबी' चित्रपटातली. पण खानदेशात राजदूत म्हणजे दुधाच्या कॅनांची, खताच्या गोणीची आणि तिघांच्या बैठकीची गाडी. तिच्या खालोखाल येझदी. म्हैसूरच्या आयडियल जावा कारखान्यात १९६१ पासून आधी जावा आणि १९७३ पासून येझदी या नावाने ती निघत असे. कारखाना १९९६ मध्ये बंद पडला. तिची किक पुढे वळवली की तीच गिअरची दांडी होते, हे नव्या पोरांना दाखवले की त्यांचे डोळे विस्फारतात. क्वचित एखादी जुनी बुलेट मिळते, उजव्या पायाने गिअर टाकायची.

टू-स्ट्रोक इंजिन गरिबाचे इंजिन म्हणून खपले, कारण त्यात भाग कमी. व्हॉल्व्ह नाहीत. पिस्टन एकदा वर आणि एकदा खाली गेला की एक स्फोट पूर्ण. सिलेंडरच्या भिंतीतली भोके पिस्टनच झाकतो आणि उघडतो. मात्र क्रँकच्या बेअरिंगला तेल द्यायची वेगळी सोय नसल्याने पेट्रोलमध्येच तेल मिसळावे लागते. तेल विसरले तर पिस्टन चिकटतो, जास्त पडले तर धूर होतो आणि सायलेंसरमध्ये कार्बन साचतो. मग सायलेंसर काढून जाळायचा. हे सगळे आम्हाला पुस्तकातून माहीत होते. हाताला माहीत झाले ते उस्तादांमुळे.

उस्ताद आता साठी ओलांडलेले आहेत. दहा-अकरा वर्षांचे असताना त्यांना वडिलांनी रस्त्यावरच्या एका ट्रक मिस्त्रीच्या हवाली केले. जमशेदपूरच्या टेल्कोने १९५४ मध्ये जर्मनीच्या डायमलर-बेंझशी करार करून जे ट्रक काढले, त्यांपैकी बरेच तेव्हा या रस्त्यावर धावत होते आणि त्यांच्या तोंडावर मर्सिडीजचा तारा असे. उस्ताद त्या ट्रकांखाली निजून शिकले. मग दुचाकींकडे वळले. त्यांना उर्दूत सही करता येते, त्यापुढे फारसे लिहिता येत नाही. पण प्लग काढून त्याच्या टोकाचा रंग पाहिला की ते इंजिनाची तब्येत सांगतात. चहाच्या रंगाचा असेल तर ठीक. काळा आणि ओला असेल तर पेट्रोल किंवा तेल जास्त. पांढरट असेल तर हवा जास्त, इंजिन तापते आहे. पॉइंटमधले अंतर ०.४ मिलीमीटरच्या आसपास लागते. आम्ही त्यासाठी फीलर गेज विकत आणला. उस्ताद जुन्या पोस्टकार्डाचा तुकडा घालून पाहतात. आम्ही नंतर गेजने मोजले, अंतर बरोबर होते.

आठवीच्या वर्गात आम्ही ज्वलन शिकवतो. उर्दू पुस्तकात त्याला 'एहतिराक' असा भारदस्त शब्द आहे. उस्ताद म्हणतात, "आग पकडी क्या नहीं, बस इतना देखने का." शब्द वेगळे, गोष्ट एक. फरक इतकाच की पुस्तकातला शब्द पाठ असणाऱ्याला प्रमाणपत्र मिळते आणि आग ओळखणाऱ्याला मिळत नाही.

आपल्या इतिहासात हा फरक नेहमीच इतका मोठा नव्हता. अल-जझरी हे बाराव्या शतकाच्या अखेरीस दियारबकरच्या अर्तुकी दरबारात नोकरीला होते. १२०६ मध्ये त्यांनी अरबीत यंत्रांवर एक ग्रंथ पूर्ण केला. त्यात पाणी वर खेचण्याच्या यंत्राचे जे वर्णन आणि चित्र आहे, त्यात गोल फिरणाऱ्या चाकाची गती दांड्याच्या मदतीने मागे-पुढे होणाऱ्या गतीत बदललेली दिसते. राजदूतमध्ये हेच उलट होते, पिस्टनच्या वर-खाली होण्यातून चाक फिरते. जझरी विद्वान होते आणि कारागीरही होते. हजरत दाऊद अलैहिस्सलाम यांच्या हातात लोखंड मऊ केले गेले, असे कुरआनात आले आहे, आणि ते आपल्या हाताच्या कमाईचे खात, असे हदीसमध्ये आहे. जुम्म्याच्या बयानात आम्ही हे ऐकतो, माना डोलावतो. बाहेर आल्यावर मुलीच्या स्थळासाठी मिस्त्री नको म्हणतो.

दोन वर्षांपूर्वी लासूरकडच्या एका शेतकऱ्याच्या खळ्यातून आम्ही एक राजदूत आणली. बारा वर्षे उभी होती. एअर फिल्टरमध्ये उंदरांचे घर होते, टाकीत गंज, पिस्टन सिलेंडरमध्ये घट्ट बसलेला. आठवडाभर डिझेल ओतून ठेवले, मग लाकडी ठोकळा ठेवून हलक्या हाताने ठोकत पिस्टन मोकळा केला. सिलेंडर लेथवाल्याकडे नेऊन बोअर करून घेतला. मूळ मापाचा पिस्टन आता चालणार नव्हता, म्हणून पुढच्या मापाचा शोधला. तो जळगावच्या भंगार बाजारात मिळाला नाही, शेवटी मुंबईला कुर्ल्यात मिळाला. क्लचप्लेटा, पॉइंट, कंडेन्सर, वायरिंग बदलले. मॅग्नेटोची कॉइल आमच्या पाटलाने घरी बसून गुंडाळली. पाच महिन्यांनी एका रविवारी, असरच्या नमाजनंतर, सातव्या की आठव्या किकला ती सुरू झाली. गॅरेजभर निळा धूर झाला आणि शेजारचा चहावाला पळत आला.

गाडी घेऊन आम्ही मूळ मालकाकडे गेलो. म्हातारबा बाजेवर बसले होते. टाकीवर हात फिरवत त्यांनी एकच विचारले, "गुरुजी, दुसरा गेर आजून अडकस का?" अडकत होता.

शौक म्हणून या कामात अवीट आनंद आहे. पण आमचा हा आनंद आणि उस्तादांचे काम एक नाही, हे तेच आम्हाला वेळोवेळी सांगतात. "सर लोग, तुम्हारा शौक है, मेरा पेट है." मगरीबची अजान झाली की आम्ही साबणाने हात धुऊन घरी जातो आणि महिन्याच्या महिन्याला पगार येतो. ते त्याच हातांनी सोमवारी दुकान उघडतात. त्यांचे काम घटत चालले आहे. धुराच्या नियमांमुळे टू-स्ट्रोक मोटारसायकली दोन हजारच्या दशकात बाजारातून गेल्या. एप्रिल २०२० पासून बीएस-६ गाड्या आल्या. त्यांत कारब्युरेटर नाही, सेन्सर आहेत. बिघाड शोधायला कान पुरत नाही, स्कॅनर लावावा लागतो. पेट्रोलमध्ये आता २० टक्के इथेनॉल असते. ते पाणी ओढते, त्यामुळे उभ्या राहणाऱ्या जुन्या गाडीची टाकी गंजते आणि जुने रबरी भाग फुगतात. केंद्र सरकारने २०२१ मध्ये पन्नास वर्षांहून जुन्या, मूळ रूपात जपलेल्या गाड्यांसाठी 'व्हिंटेज' नोंदणीचा नियम केला, पण नव्या नोंदणीची फी २०,००० रुपये आहे. आमच्या राजदूतची सगळी किंमतही तेवढी होत नाही. आम्ही साधे पुनर्नोंदणीचे कागद करतो. जिचे कागद होत नाहीत, तिला गॅरेजच्या आवारातच किक मारून समाधान मानतो.

गाड्यांचे एक वेळ राहू द्या. या गॅरेजात आम्हाला खरी काळजी लागली ती तिथल्या मुलाची. प्रत्येक गॅरेजात एक 'छोटू' असतो. उस्तादांकडचा आठवी करून शाळा सोडून आला होता, तेव्हा चौदा पुरे होते. चौदा वर्षांखालच्या मुलाला कामावर ठेवायला २०१६ च्या दुरुस्तीनंतर कायद्याने पूर्ण बंदी आहे, हे उस्तादांना माहीत आहे आणि ते पाळतात. मुलाचा हात असा की आम्हाला तासभर न निघालेला अडकलेला बोल्ट त्याने थोडे गरम करून, थोडे मागे-पुढे करून, आटे न मारता काढला. हा मुलगा शाळेत शेवटच्या बाकावर बसत असे.

तालुक्याच्या आयटीआयमध्ये मोटार मेकॅनिकचा दोन वर्षांचा कोर्स असतो. तिथे नव्या इंजिनांचे, सेन्सरचे शिक्षण मिळते, पुढे शिकाऊ उमेदवारी मिळते. पण प्रवेशाला दहावी पास लागते. म्हणजे ज्या मुलाला हे काम सर्वांत चांगले येते, त्यालाच तिथे दार बंद. आणि दहावी पास झालेला आपला मुलगा तिकडे जात नाही, कारण लहानपणापासून त्याला याच कामाचा धाक घातलेला असतो. सच्चर समितीने २००६ मध्ये दाखवून दिले की मुस्लिम कामगारांत स्वतःच्या लहानसहान धंद्यावर जगणाऱ्यांचे प्रमाण मोठे आहे. हुनर आपल्याकडे आहेच. त्याला पुढच्या पायरीवर नेणारा कागद नाही. उद्या सगळ्या गाड्या स्कॅनरवर गेल्या, विजेवर गेल्या, तर उस्तादांनी निदान आपली हयात काढलेली असेल. छोटूपुढे चाळीस वर्षे आहेत.

"गॅरेज सोड आणि शाळेत ये" असे सांगून भागणार नव्हते. घरात वडील आजारी होते, त्याची मजुरी लागत होती. मंडळाच्या सतरा नंबरच्या फॉर्मने बाहेरून दहावीला बसता येते. आम्ही त्याचा फॉर्म भरला. उस्तादांनी संध्याकाळी सहाला त्याला सोडायचे कबूल केले. आधी कुरकुरले, "गिऱ्हाईक सहा बजे ही आता है," मग स्वतःच घड्याळ पाहून हाकलू लागले. आम्ही दोघे शिक्षक रविवारी आधी एक तास त्याला शिकवायचो, मगच इंजिन उघडायचे. गणितातले दशांश त्याला पाव-पाव मिलीमीटरने वाढत जाणाऱ्या पिस्टनच्या मापांवरून चटकन समजले. बीजगणित समजले नाही. गेल्या परीक्षेत तीन विषय राहिले. पुरवणीला दोन निघाले, एक राहिला आहे.

शाळेतही एक बदल झाला. एक निकामी इंजिन अर्धे कापून, रॉकेलने धुऊन आम्ही वर्गात नेले. क्रँक हाताने फिरवला की पिस्टन वर-खाली होताना दिसतो. पुस्तक वाचायला उभे केले की अडखळणारी दोन मुले त्या दिवशी पुढे आली आणि चुलत्याच्या, मामूच्या गॅरेजात पाहिलेले सगळे सांगू लागली. बाकीचा वर्ग पहिल्यांदाच त्यांचे ऐकत होता. त्यांना पहिल्यांदा वाटले असावे की घरी जे पाहतो तेही शिकण्यात जमा होते.

गॅरेजचा धाक घालणे बंद करावे, एवढेच आमचे म्हणणे नाही. पाना धरण्यात कमीपणा नाही, पण चौदाव्या वर्षी शाळा सुटावी यात काहीच चांगले नाही, आणि या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या आहेत. गाडी दुरुस्त होईपर्यंत आपल्याला बाकावर बसावे लागतेच. तेवढ्या वेळात चहा आणायला गेलेला छोटू परत आला की त्याचे नाव विचारावे, कितवीपर्यंत शिकला ते विचारावे. दहावी झाली नसेल तर जवळच्या शाळेत सतरा नंबरच्या फॉर्मची तारीख आपणच विचारून ठेवावी. त्याला ती कुणी सांगितलेली नसते.