वर्तणूक : चांगली

फेब्रुवारीत एका रात्री सोलापूरकराचा फोन आला. "काका, एका ठिकाणी तुमचं नाव देऊ का?"

"दे की. कशाला?"

"पिस्तुलाच्या परवान्याला."

अठ्ठावीस वर्षं न्यू जर्सीत राहून मी पुष्कळांना नाव दिलं आहे. कुणाला भाड्याचं घर घेताना, कुणाला मुलांच्या शाळेत 'आईबाप सापडले नाहीत तर फोन कुणाला करायचा' या रकान्यासाठी. पिस्तुलासाठी नाव द्यायची वेळ पहिलीच.

सोलापूरकर हे मीच त्याला ठेवलेलं नाव. इथं आला तेव्हा तो एच-वन व्हिसावर होता. त्या व्हिसावरच्या माणसाला, शिकारीच्या परवान्यासारखे अपवाद सोडले तर, अमेरिकेचा केंद्रीय कायदा बंदूक बाळगूच देत नाही. ग्रीन कार्ड मिळालं की ती आडकाठी संपते. पुढं सॉफ्टवेअरची नोकरी गेली आणि त्यानं हायवेलगत एक दुकान घेतलं. दूध, सिगारेटी, लॉटरीची तिकिटं. रात्री अकराला गल्ला मोजायचा, रोकड पिशवीत घालायची आणि अंधाऱ्या पार्किंगमधून एकट्यानं गाडी गाठायची. एका रात्री कुणीतरी त्याच्या मागोमाग गाडीपर्यंत आलं, थोडा वेळ उभं राहिलं आणि निघून गेलं. झालं काहीच नाही. पण तेव्हापासून त्याला झोप नाही, असं त्याची बायको सांगते.

पूर्वी इथं असा अर्ज करण्यात फारसा अर्थ नव्हता. पिस्तूल घरात ठेवणं वेगळं. ते अंगावर घेऊन रस्त्यानं फिरायचं तर तुमच्याच जिवाला खास धोका आहे हे पटवून द्यावं लागे, आणि साध्या दुकानदाराला ते जमत नसे. २३ जून २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयानं ब्रूएन खटल्यात शेजारच्या न्यू यॉर्कची तसलीच अट सहा विरुद्ध तीन मतांनी रद्द केली. तिच्याबरोबर आमच्याकडचीही गेली. सहा महिन्यांत, २२ डिसेंबरला, गव्हर्नर मर्फींनी नव्या कायद्यावर सही केली. कारण विचारायची सोय उरली नाही ना, मग माणूसच नीट पारखून घेऊ, असा त्या कायद्याचा रोख. फी ५० डॉलरची २०० झाली. वय किमान २१, बोटांचे ठसे, मानसिक आजाराच्या नोंदी तपासायला संमती, प्रशिक्षकासमोर नेमबाजी. एवढं करून परवाना दोनच वर्षांचा. गावाकडं काहीजण कमरेचं पिस्तूल झब्ब्यातून दिसावं म्हणूनच लावतात. इथं ते दिसताच कामा नये. अर्ज जातो आपल्याच गावच्या पोलीसप्रमुखाकडे.

या सगळ्यावर कडी म्हणजे चार माणसं. नात्यातली चालत नाहीत. रक्ताची नाहीत नि सासरचीही नाहीत. अर्जदाराला किमान तीन वर्षं ओळखणारी, चार लोकांत पत असलेली हवीत.

"तीन झाले," सोलापूरकर म्हणाला. "चौथा मिळेना. ओळखीचे दोनशे आहेत हो काका, पण ज्याला विचारावं तो 'बायकोला विचारून सांगतो' म्हणतो."

मी बायकोला न विचारताच हो म्हटलं.

चार दिवसांनी ईमेलनं प्रश्नावली आली. याला कसे ओळखता? किती वर्षं? दारू, नशा यांबद्दल काय माहीत आहे? स्वतःला किंवा दुसऱ्याला धोका होईल असं काही तो कधी वागला किंवा बोलला आहे का?

माझ्या शाळा सोडल्याच्या दाखल्यावर 'वर्तणूक' असा रकाना होता आणि हेडमास्तरांनी त्यात 'चांगली' लिहिलं होतं. वर्गातल्या सगळ्यांचीच चांगली होती. ज्यानं मास्तरांच्या सायकलची हवा वर्षभर सोडली त्याचीसुद्धा. मीही तसंच लिहून मोकळा होणार होतो. पण बोटं थांबली.

मी ह्या माणसाला बारा वर्षं ओळखतो म्हणजे नक्की काय? गणपतीत ढोल वाजवताना पाहिलाय, दिवाळीच्या फराळाला, उन्हाळ्यातल्या पिकनिकला. हिशेब केला तर आमची सगळी ओळख सुट्टीच्या दिवसांची, इस्त्रीच्या झब्ब्यातली. वाड्यात माणूस त्याच्या वाईट दिवसांवरून कळायचा. भिंतीपलीकडं भांडं आदळलं की कुणाच्या घरात काय चाललंय ते साऱ्या वाड्याला ठाऊक. इथं दोन घरांच्या मध्ये हिरवळ, खिडक्या बारा महिने बंद. आवाज पोचतच नाही.

वाईट दिवस मला एकच आठवला. आठ वर्षांपूर्वी, दिवाळीच्या आधीचा शनिवार, ओक ट्री रोड. मिठाईच्या दुकानांपुढं ही गर्दी. वीस मिनिटं थांबून धरलेल्या जागेत दुसऱ्या कुणीतरी गाडी घुसवली. सोलापूरकर खाली उतरला आणि त्या गाडीच्या बॉनेटवर त्यानं सणसणीत थाप मारली. आतला माणूस दार उघडू लागला. मी शेजारच्या सीटवर घट्ट बसून. मग तो स्वतःच वळला, परत आला, स्टिअरिंगवर हात ठेवून बसला. हात थरथरत होते. "चुकलं, काका," म्हणाला.

हे लिहायचं की नाही? दोन दिवस प्रश्नावली तशीच पडून होती. शेवटी लिहिलं. थाप लिहिली, आणि परत फिरला तेही लिहिलं. मग त्याला फोन करून सांगितलं. बराच वेळ पलीकडून आवाज नाही.

"ते अजून आठवतं तुम्हाला?"

"आठवतं."

"मलाही," तो म्हणाला.

गावच्या पोलीस खात्यातून एका अधिकाऱ्याचा फोन आला. बाकी सगळं भराभर उरकलं. त्या शनिवारापाशी मात्र तो थांबला. "परत वळला, तो कुणी ओढलं म्हणून?"

"नाही. मी गाडीतच होतो."

"ठीक आहे," म्हणून त्यानं आभार मानले. मे महिन्यात परवाना आला.

जूनमध्ये एका रविवारी सोलापूरकर आमच्याकडं जेवायला आला. हातात सोलापूरच्या शेंगाचटणीची बरणी. दार उघडलं तरी आत येईना. अर्धवट हसत, हळू आवाजात म्हणाला, "काका, ते बरोबर आहे. आत आणू का?"

कायद्यानं त्याला हे विचारणं भागच होतं. कुणाच्या घरात पिस्तूल न्यायचं तर घरमालकाची स्पष्ट परवानगी लागते. ज्याच्या कमरेला ते असायला हरकत नाही असं मी सरकारला लिहून दिलं होतं, तो माझ्या उंबऱ्यावर उभा होता.

"नको," मी म्हटलं.

त्यानं मान हलवली. बरणी माझ्या हातात दिली आणि गाडीकडं गेला. खिडकीतून दिसत होतं. गोळ्या वेगळ्या, पिस्तूल डबीत, डबीला कुलूप, डबी डिकीत. कुलूप दोनदा ओढून पाहिलं. मग आला, दारात बूट काढून ओळीत लावले आणि हात धुवायला गेला.

"इतका वेळ बाहेर काय करत होता?" बायकोनं स्वयंपाकघरातून विचारलं.

"गाडीत काहीतरी ठेवायचं राहिलं होतं त्याचं," मी म्हटलं आणि चटणीची बरणी उघडू लागलो.